डेडवुड : नाट्य आणि इतिहास

ऐतिहासिक नाटक पाहून परतणारा मराठी प्रेक्षक हमखास विचारतो, ‘हे खरोखर असेच घडले होते काय?’ अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील घोडेस्वारांच्या आणि पिस्तुलांच्या कथांना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. डेव्हिड मिल्च यांच्या ‘डेडवुड’ या दूरचित्रवाणी मालिकेला मात्र तो विचारावाच लागतो. कारण तिच्यातील गाव खरे आहे आणि पुष्कळशी माणसेही खरी आहेत. २००४ ते २००६ या काळात तिचे ३६ भाग प्रक्षेपित झाले आणि २०१९ मध्ये एका चित्रपटाने कथेची सांगता झाली.

दक्षिण डाकोटातील ब्लॅक हिल्स हा डोंगराळ प्रदेश १८६८ च्या फोर्ट लॅरमी येथील तहान्वये लाकोटा लोकांसाठी राखून ठेवलेला होता. १८७४ मध्ये कस्टरच्या लष्करी मोहिमेने तेथे सोने असल्याची वार्ता आणली आणि १८७६ मध्ये डेडवुडच्या घळीत माणसांचा लोंढा लोटला. तह मोडून वसलेल्या या वस्तीला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच नव्हते. तेथे सरकारने नेमलेला न्यायाधीश नव्हता की जमिनीच्या मालकीला वैध आधार नव्हता. अशा ठिकाणी कायदा जन्माला येतो कसा, हा या मालिकेचा खरा विषय होय.

एक प्रसंग पाहा. २ ऑगस्ट १८७६ रोजी विख्यात नेमबाज वाइल्ड बिल हिकॉक पत्ते खेळत असता जॅक मॅकॉलने पाठीमागून गोळी झाडून त्याचा प्राण घेतला. खाणवाल्यांनी आपल्यातूनच पंच निवडून खटला चालविला व मॅकॉलला निर्दोष सोडले. पुढे त्याला पुन्हा पकडून यँक्टन येथे त्याच गुन्ह्याबद्दल दुसरा खटला भरण्यात आला. एकदा सुटलेल्या माणसावर पुन्हा खटला कसा? उत्तर सोपे होते : बेकायदा वस्तीतील न्यायालय हे न्यायालयच नव्हे. १ मार्च १८७७ रोजी मॅकॉल फासावर गेला. पहिल्या खटल्यामागची वस्तीची धास्ती, म्हणजे आपण स्वतंत्र सत्ता गाजवितो असे वॉशिंग्टनला वाटू नये ही चिंता, मालिकेने नेमकी टिपली आहे.

व्यक्तींच्या बाबतीत मात्र लेखकाने बरीच मोकळीक घेतली आहे. लोखंडी सामानाचा व्यापारी आणि पुढे शेरीफ झालेला सेथ बुलॉक मालिकेत भावाच्या विधवेशी विवाहबद्ध आहे. वास्तवात त्याची पत्नी मार्था ही त्याची बालपणीची मैत्रीण होती. धर्मोपदेशक स्मिथ १८७६ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यात मारला गेला. मालिकेत तो मेंदूच्या आजाराने झिजतो आणि गुत्तेवाला अल स्वेरेंजेन त्याला वेदनांतून मुक्त करतो. या बदलामुळे एका क्रूर माणसाच्या अंतरीची करुणा दिसते आणि नाट्य गहिरे होते. परंतु खऱ्या स्वेरेंजेनने रंगभूमीवर काम देण्याचे आमिष दाखवून स्त्रियांना आपल्या ‘जेम’ नाट्यगृहात आणले आणि वेश्याव्यवसायात लोटले. मालिका त्याचे क्रौर्य झाकीत नाही. तरीही इयन मॅकशेन यांच्या समर्थ अभिनयाने तो प्रेक्षकाला जवळचा वाटू लागतो. ही सूट निरुपद्रवी म्हणता येणार नाही.

पात्रांच्या शिवराळ भाषेवरही वाद झाला. त्या काळच्या शिव्या बहुधा देवाधर्माच्या नावाने दिल्या जात. आज त्या ऐकून हसूच येईल. म्हणून मिल्च यांनी आजच्या शिव्या योजिल्या. शब्द खोटे, पण त्यांचा आघात खरा, असा हा सौदा आहे. आणि तो मला मान्य आहे.

तारखांची तडजोड अशी क्षम्य ठरते. माणसांची अनुपस्थिती ठरत नाही. ज्यांच्या भूमीवर हे सारे घडले ते लाकोटा मालिकेत जवळजवळ नाहीतच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ही भूमी बळकावल्याबद्दल भरपाई मंजूर केली. व्याजासह ती दहा कोटी डॉलरांहून अधिक होती. लाकोटांनी ती नाकारली, कारण त्यांना भूमीच हवी आहे. मालिकेत त्यांचे म्हणून जे सतत दिसते, ते पेटीत ठेवलेले एक छिन्न शीर. स्वेरेंजेन त्याच्यापाशी आपले मन मोकळे करतो. ते शीर ऐकते, परंतु उत्तर देत नाही. या मालिकेतील इतिहासाची मर्यादा त्या मौनात आहे.