स्मार्टफोनची बॅटरी दिवसभर कशी पुरवावी?

कंदिलाच्या काळीं दिवेलागणीपूर्वीं कांच पुसून, टांकींत रात्रीपुरतें रॉकेल आहे कीं नाहीं हें पाहण्याची शेतकऱ्याच्या घरीं रीत होती. रात्रीं दारें धरावयास निघालेला गडी अर्ध्या तेलाचा कंदील घेऊन कधीं रानांत जात नसे. आज कंदील माळ्यावर गेला व त्याच्या जागीं खिशांत स्मार्टफोन आला. परंतु निघण्यापूर्वीं तेल पाहण्याची संवयही कंदिलाबरोबर माळ्यावर गेली असें दिसतें. "दुपारीं दोनलाच फोन बंद पडला," ही तक्रार पुण्यांत आम्ही गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत, एस. टी. च्या फलाटावर आणि लग्नघरीं नित्य ऐकतों. नवा फोन घ्यावा, हाच तिजवर बहुतेकांचा उपाय. आमचें मत निराळें आहे. बहुतेक ठिकाणीं दोष बॅटरीचा नसून जमाखर्च न ठेवण्याचा असतो, हें येथें आम्ही सांगणार आहों.

हा विषय शेतकी मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सातबाऱ्यावरच आहे. गांव नमुना १२ मधील पिकांची नोंद पूर्वीं तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपल्या पिकाची नोंद आपल्या फोनवरून, रानांत उभें राहून, छायाचित्रासह करण्याचें काम खातेदाराकडे आलें. ही नोंद राहून गेली तर पीककर्ज, विमा किंवा नुकसानभरपाई यांच्या वेळीं अडचण उभी राहते. म्हणून मुदतीच्या दिवशीं बंद पडलेला फोन ही केवळ गैरसोय नव्हे.

हें आम्ही स्वतः ठेंच खाऊन शिकलों. महसूल खात्यांत आमचें आयुष्य कारकुनींत गेलें. मुदत टळल्यावर कचेरीच्या दारांत आलेल्या खातेदारांस "इतके दिवस काय करीत होतां?" असें आम्ही किती वेळां विचारलें असेल, त्याची गणती नाहीं. निवृत्तीनंतर पहिल्याच खरिपांत पुरंदर तालुक्यांतील आमच्या वडिलार्जित जमिनींतील बाजरीची नोंद करण्याची पाळी आमच्यावर आली, आणि आजचें काम उद्यांवर ढकलीत आम्ही शेवटच्या दिवशींच निघालों. हडपसरास सासवडच्या गाडींत बसलों तेव्हां फोनमध्यें ६२ टक्के बॅटरी होती. गाडींत वेळ जावा म्हणून भजनांचे व्हिडिओ पाहिले. पुढें फोन सदऱ्याच्या खिशांत उन्हानें तापत राहिला. रानांत नेटवर्कची एकच काडी. उन्हांत अक्षर दिसेना, म्हणून स्क्रीनचा प्रकाश पुरता वाढविला. गट क्रमांक निवडला, पीक भरलें, क्षेत्र भरलें, आणि छायाचित्रासाठीं कणसांसमोर उभे राहिलों तोंच फोन काळा पडला. विहिरीवरील मोटारीच्या खोलींत धांव घेतली, तर त्या आठवड्यांत शेतीपंपाची वीज रात्रपाळीची! अखेर दोन किलोमीटर चालून गांवांतील किराणा दुकानीं अर्धा तास फोन चार्जिंगला लावला, तितकेंच अंतर माघारीं तुडविलें, आणि सूर्य टेंकडीआड जातांना नोंद झाली. कचेरींत ज्यांना आम्ही बोल लावला, त्या सर्वांची त्या वाटेवर आठवण झाली.

घरीं येऊन नवा फोन घेण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हां आमचा पुतण्या म्हणाला, "काका, फोन म्हातारा झालेला नाहीं; तुमचा खर्च बेताबाहेर गेला आहे." त्यानें सेटिंग्जमधील 'बॅटरी' हें पान उघडून दिलें. कोणत्या ॲपनें दिवसभरांत किती टक्के बॅटरी खाल्ली, याची तेथें खतावणी असते. प्रत्येक वाचकानें आज रात्रीं प्रथम तें पान पाहावें. बहुतेकांस असें आढळेल कीं, दोन-तीन मोठीं खातींच निम्म्याहून अधिक शिल्लक खातात. तेवढ्यांवर हात राखला कीं बारीकसारीक काटकसरीची गरज उरत नाहीं.

जमेची बाजू किती लहान आहे, तें आधीं पाहूं. आजच्या पुष्कळ फोनांची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. ऊर्जेच्या हिशेबानें हे सुमारें १९ वॅट-तास झाले. जुना ६० वॅटचा बल्ब एवढी ऊर्जा वीस मिनिटांच्या आंत फस्त करी. ९ वॅटचा एलईडी दिवा ती दोन तासांत संपवितो. चार्ज करतांना होणारी नासाडी धरूनही मीटरवरील एका युनिटांत असा फोन चाळीसेक वेळां भरतो. तेव्हां वीज महाग म्हणून नव्हे, तर टांकी लहान म्हणून जपून वापरावयाचें.

आतां खर्चाकडे वळूं. पहिलें मोठें खातें स्क्रीनचें. घरांत व सांवलींत प्रकाश कमी ठेवावा, अथवा तो आपोआप कमी-जास्त होण्याची सोय चालू ठेवावी. हाताळणें थांबल्यावर स्क्रीन तीस सेकंदांत मावळेल अशी मुदत लावावी. गडद पार्श्वभूमीचा, म्हणजे डार्क मोडचा, लाभ फक्त ओलेड किंवा अमोलेड स्क्रीनवर होतो. कारण तेथें काळा ठिपका जवळजवळ वीजच घेत नाहीं. साध्या एलसीडी स्क्रीनमागील दिवा मात्र चित्र काळें असलें तरी जळतच असतो. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठानें २०२१ सालीं ओलेड स्क्रीनच्या फोनांवर केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, प्रकाश पूर्ण असतां डार्क मोडनें सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचते, पण प्रकाश ३० ते ५० टक्क्यांवर असतां ३ ते ९ टक्केच. अर्थात् उन्हांत काम करणाऱ्या शेतकऱ्यास ही युक्ति घरांत बसणाऱ्यापेक्षां अधिक उपयोगी आहे. त्याहून सोपें म्हणजे, फोन पाहतांना झाडाखालीं जावें किंवा टॉवेलाची सांवली करावी.

दुसरें खातें नेटवर्कचें. मनोरा दूर असला म्हणजे फोनला त्याच्यापर्यंत पोंचण्यासाठीं अधिक जोर लावावा लागतो, आणि नेटवर्क नसलेंच तर तो तें शोधीत राहतो. गडी दूरच्या बांधावर असला तर आपणांस ओरडून बोलावें लागतें, तशांतलाच हा प्रकार. घाटांत किंवा खोऱ्यांत नेटवर्क नसेल तेथें फ्लाइट मोड लावावा. ज्या गांवीं ५-जी येतें-जातें, तेथें सेटिंग्जमधून फोन ४-जी वर ठेवावा. गरज नसतां हॉटस्पॉट चालू ठेवूं नये.

तिसरें खातें पाठीमागें चालणाऱ्या उलाढालींचें. व्हॉट्सॲपवरील समूहांत येणारे सारे व्हिडिओ आपोआप उतरून घेण्याची सोय बंद करावी. त्यांत बॅटरी, डेटा व जागा अशी तिहेरी बचत आहे. लोकेशनची परवानगी बहुतेक ॲपना 'वापरतांनाच' एवढीच द्यावी. मात्र अंगठ्यानें सारखीं सर्व ॲप पुसून टाकण्याची जी संवय अनेकांस लागली आहे, तिनें बचत होत नाहीं. रोजचें ॲप पुनःपुन्हां मुळापासून उघडण्यास उलट अधिक वीज लागते.

येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. काटकसरीच्या भरांत कोणती गोष्ट बंद करूं नये, हेंही समजलें पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें तयार केलेलें 'दामिनी' ॲप आपल्या ठिकाणापासून २० व ४० किलोमीटरांच्या परिसरांतील विजांचा इशारा देतें. वळिवाच्या दिवसांत उघड्या रानांत काम करणाऱ्यास त्याची किंमत निराळी सांगावयास नको. लोकेशन सरसकट बंद केलें, किंवा बॅटरी सेव्हरनें त्या ॲपचें पाठीमागील काम रोखलें, तर इशारा वेळेवर न येण्याचा संभव असतो. म्हणून त्या हंगामांत 'दामिनी'ला लोकेशनची परवानगी कायम द्यावी, व सेटिंग्जमध्यें तिजवर बॅटरीचा निर्बंध ठेवूं नये. २०१९ सालीं सुरू झालेल्या 'मेघदूत'चा कृषिसल्ला मंगळवारीं व शुक्रवारीं निघतो. तो त्या दिवशीं उघडून पाहिला तरी काम भागतें. कोठें हात आंखडावा व कोठें नाहीं, हें असें कामावरून ठरवावें.

रोजचा खर्च आटोक्यांत आणला तरी टांकीच झिजत असेल तर उपयोग नाहीं. बॅटरीचा मोठा वैरी ऊष्णता. ट्रॅक्टरच्या पुढील फळीवर, मोटारसायकलच्या उन्हांतल्या पिशवींत किंवा उशीखालीं चार्जिंगला फोन ठेवणें हें तिचें आयुष्य घटविणें आहे. फोन तापला असतां आधीं सांवलींत निवूं द्यावा, मग चार्जर लावावा. तो थंड पाण्यांत किंवा शीतकपाटांत मात्र घालूं नये. बॅटरी पुरती संपवूनच भरावी, हा समज जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या वेळचा. १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली, व आपल्या फोनांत त्याच जातीची बॅटरी असते. तिला २० ते ८० टक्क्यांमधील वावर मानवतो. अनेक फोनांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते. ती रोज वापरावी, आणि लांबच्या कामाच्या दिवशीं खुशाल १०० टक्के भरावें.

इतकें करूनही बॅटरी कधींतरी थकतेच. युरोपीय संघानें जून २०२५ पासून तेथें विक्रीस येणाऱ्या नव्या फोनांस अशी अट घातली आहे कीं, ८०० वेळां पूर्ण भरून रिकामी झाल्यावरही बॅटरीची धारणशक्ति मुळाच्या निदान ८० टक्के उरली पाहिजे. म्हणजे रोज एकदां पुरी रिकामी करणाऱ्याची बॅटरी दोन-सव्वादोन वर्षांत वयांत येते, तर निम्मीच वापरणाऱ्याची त्याच्या दुप्पट टिकते. थकलेली बॅटरी बदलतां येते. त्यासाठीं फोन टाकण्याचें कारण नाहीं. बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत अशीं कामें नित्य होतात, परंतु स्वस्त बनावट मालास भुलूं नये. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रांत विचारून घ्यावें, आणि चार्जर व पॉवर बँक घेतांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण पाहावी. फुगलेली बॅटरी दाबूं वा टोंचूं नये, व पुन्हां चार्ज करूं नये. तिला आग लागूं शकते. पॉवर बँकेवरील १०,००० हा आंकडाही पूर्ण हातीं येत नाहीं. दाब बदलण्यांत व उष्णतेंत तूट जाऊन सुमारें दोन-तृतीयांश मिळतो, म्हणजे वर सांगितलेला फोन तिजवर एकदां भरून थोडें उरतें.

आमच्या हिशेबाचा निकाल सांगून हा लेख पुरा करतों. त्यापुढील रब्बींत हरभऱ्याची नोंद करण्यास आम्ही मुदतीच्या बारा दिवस आधीं गेलों. आदल्या रात्रीं फोन पूर्ण भरला. गाडींत व्हिडिओ पाहिले नाहींत. फोन पिशवींत कापडांत ठेवला. घाटांत फ्लाइट मोड लावला. आणि नोंद लिंबाच्या सांवलींत भरून केवळ छायाचित्रासाठीं उन्हांत आलों. सायंकाळीं घरीं पोंचलों तेव्हां ५८ टक्के शिल्लक होती. फोन तोच होता, बॅटरीही तीच. आमच्या शेतकरी बंधुभगिनींस आमची एवढीच विनंति कीं, रानांत निघण्यापूर्वीं जशी भाकरीची फडकी व पाण्याची कळशी पाहतां, तशी फोनची शिल्लकही एकवार पाहावी. आणि पीक पाहणीसाठीं शेवटचा दिवस कोणीं धरूं नये. तें काम आम्ही एकदां करून पाहिलें आहे.