मयताची जमीन आणि एकट्याची सही

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. अलीकडे रांजणगाव, सणसवाडी आणि पलीकडे कुरकुंभ इथे कारखाने आले, आणि ज्या मुरमाड तुकड्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते त्याला गिऱ्हाईक आले. आपल्या वस्तीतल्या अशा पुष्कळ जमिनींचा मूळ धारक केव्हाच वारलेला असतो. दलाल थोरल्या भावाला गाठतो. 'सातबारा तुझ्या नावावर, तुझी एकट्याची सही पुरे,' म्हणतो. घात होतो तो या वाक्याने.

सातबारा हा महसुलाचा कागद आहे. मालकी त्याने जन्मत नाही आणि त्यातून नाव गळाले म्हणून मरतही नाही. माणूस गेला त्या क्षणी वारसांचा हक्क सुरू होतो. फेरफार ही मागाहूनची नोंद. गावोगाव थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असे लिहितात आणि बहिणींना 'इतर हक्कां'च्या रकान्यात ढकलतात. त्या रकान्यात त्या आहेत म्हणून त्यांचा हिस्सा इतरांहून कमी होत नाही.

आपल्याला लागू होतो तो 1956 चा हिंदू वारसा कायदा. या नावाचा राग येणे साहजिक आहे. कायदा जूनमधला, धम्मदीक्षा ऑक्टोबरमधली. पण बौद्धांचा उल्लेख त्याच्या कलम 2 मध्येच आहे.

समजा, एकाने स्वकष्टाने घेतलेली 75 गुंठे जमीन आहे. मृत्युपत्र नाही, आई हयात नाही. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली, आणि आधीच वारलेल्या मुलाची विधवा व तिची दोन अज्ञान मुले. हिस्से पाच, प्रत्येकी 15 गुंठे. वारलेल्या मुलाच्या शाखेचे 15 तिघांत, म्हणजे त्या दोन लेकरांचे पाच-पाच गुंठे. थोरल्याने एकट्याने खरेदीखत केले तर जातात फक्त त्याचे 15. तेही विकताना इतर वारसांना आधी विकत घेण्याचा हक्क आहे (कलम 22), आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवले.

कोर्टाचा खरा प्रश्न त्या लेकरांच्या दहा गुंठ्यांचा. 1956 च्याच अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे त्यांची स्थावर मिळकत विकण्याआधी आईलासुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. शिरूर-दौंडच्या जमिनीचा हा अर्ज पुणे जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत येतो. गरज किंवा मुलांचा उघड फायदा दिसल्याशिवाय परवानगी मिळत नाही. किंमत कमी वाटली तर न्यायालय जाहीर लिलाव सांगू शकते, पैसे न्यायालयात भरायला लावू शकते. चुलता किंवा आजोबा, केवळ सांभाळतो म्हणून, विकूच शकत नाही. परवानगीवाचून आईने विकले तर मुलाला तो व्यवहार रद्द करून मागता येतो; दाव्याची मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे. आपल्या किती मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत हे कुणी सांगते?

जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर हिस्से वेगळे पडतात, आणि अज्ञानाच्या अविभक्त हिश्श्याला कलम 8 तसेच लागत नाही. म्हणून जमीन आली कुठून, हे आधी जुन्या फेरफारांत शोधावे.

महार वतनाचे तर आणखी निराळे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले. वतने खालसा झाली ती 1 ऑगस्ट 1959 पासून. आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन परत मिळाली, पण नवीन अविभाज्य शर्तीवर. ती विकायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि सरकार ठरवील ती रक्कम लागते. न्यायालयाच्या परवानगीने ही परवानगी भागत नाही आणि हिने ती भागत नाही.

दलालाच्या पिशवीत बहुधा मयताने जिवंतपणी अंगठा दिलेले कुलमुखत्यारपत्रही निघते. साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबर मरते. मोबदला घेऊन दिले होते असे दलाल म्हणाला, तर त्याला पुरावा मागावा. वारस कोण याचाच तंटा असेल तर 1827 च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मागता येतो. न्यायालय जाहीरनामा काढते, हरकतीला एक महिना देते. सासरी गेलेल्या बहिणीने हरकत घ्यावी ती याच महिन्यात. ती चुकली तरी तिचा हिस्सा बुडत नाही, कारण दाखल्याने मालकी ठरत नाही. मात्र मग तिला स्वतंत्र दावा लावावा लागतो.