मागच्या रांगेतले आवाज

गळ्याखेरीज ज्यांच्यापाशी काहीही नव्हते, अशा पोरांनी एके काळी साऱ्या अमेरिकेला प्रेमगीते पुरवली. गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरची. न्यूयॉर्क, बाल्टिमोर, लॉस एंजेलिस अशा शहरांतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत संध्याकाळ झाली, की चारपाच मुले रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली, नाहीतर शाळेच्या न्हाणीघरात जमत. न्हाणीघरात का, तर तिथे आवाज छान घुमतो! वाद्ये घ्यायला पैसे नाहीत. मग एकाने खर्जात ठेका धरायचा, दोघातिघांनी मधले सूर भरायचे आणि ज्याचा गळा सर्वांत कोवळा, त्याने वर प्रेमाची विनवणी करायची. ठेक्याला 'डू-वॉप', 'श-बूम' असली अक्षरे. त्यांवरूनच १९६० नंतर या गाण्यांना 'डू-वॉप' म्हणू लागले. त्याआधी ती 'रिदम अँड ब्लूज' या नावाखाली मोडत. ते नावही फार जुने नव्हे. 'बिलबोर्ड' साप्ताहिक १९४९ पर्यंत काळ्या गायकांच्या तबकड्यांची यादी 'रेस रेकॉर्ड्‌स' अशा वेगळ्या मथळ्याखाली छापत असे.

शब्दांचे अर्थ सांगण्यावर ज्याचे पोट चालते, अशा माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला या निरर्थक अक्षरांचे फार कुतूहल वाटते. तराणा ऐकणाऱ्या रसिकाला सांगायला नकोच, की अक्षराला अर्थ नसला तरी भाव असू शकतो. या गाण्यांचे शब्द तसे साधे, सोळासतरा वर्षांच्या मुलाला सुचतील असे. पण पुढचा गायक शब्दाशी अडला, लाजला, की मागचे तिघेचौघे त्याला सांभाळून घेतात. प्रेमात पडलेल्या मित्राची बाजू मित्रांनीच मांडावी, तसे काहीसे.

या हळुवार गायकीची वाट १९४८ साली बाल्टिमोरच्या 'ओरिओल्स'नी रुळवली. त्यांचे 'इट्स टू सून टू नो' हे गीत लिहिले होते डेबोरा चेस्लर या दुकानात विक्रेतीचे काम करणाऱ्या ज्यू तरुणीने. सनी टिलने ते इतक्या हलक्या आवाजात म्हटले, की ऐकणाऱ्या प्रत्येकीला वाटावे, हा माझ्याशीच बोलतो आहे. मग १९५४ साली लॉस एंजेलिसच्या 'पेंग्विन्स'नी 'अर्थ एंजल' गायिले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले एका घराच्या गॅरेजमध्ये. शेजारचे कुत्रे भुंकले की थांबावे लागे, असे सांगतात.

गाणे गाजू लागले आणि लागलीच कॅनडाच्या 'क्रू-कट्स' या गोऱ्या गायकांनी तेच गाणे आपल्या आवाजात काढले. १९५५ च्या लोकप्रिय गीतांच्या यादीत मूळ गाणे आठव्या क्रमांकापर्यंत पोचले, नक्कल तिसऱ्या! तेव्हाचा कायदा शब्दांना आणि चालीला संरक्षण देई. गाण्याच्या ढंगाला नाही. म्हणजे या पोरांची खरी कमाई जी होती, तीच उघड्यावर होती.

त्याच १९५५ च्या ऑगस्टात मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला ठार मारण्यात आले. एका गोऱ्या बाईशी सलगी केली, एवढाच त्याच्यावरचा आळ. आरोपींना सर्वस्वी गोऱ्या ज्यूरीने निर्दोष सोडले. त्याच्याच वयाची, त्याच्याच रंगाची मुले त्या वेळी अत्यंत आर्जवी स्वरात प्रीतीची गाणी गात होती आणि गोऱ्या मुलीही आपल्या खोलीत रेडिओवर ती ऐकत होत्या. हे ध्यानात घेतले म्हणजे ही गाणी केवळ गुलाबी वाटत नाहीत.

१९५६ साली तेरा वर्षांच्या फ्रँकी लायमनच्या आवाजातले 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' अमेरिकेत आणि इंग्लंडात गाजले. पंचविसाव्या वर्षी, १९६८ मध्ये, अमली पदार्थाने त्याचा बळी घेतला. हे गाणे मुळात आमचे, असा दावा त्याच्या मागे उभे राहून गाणाऱ्या हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट यांनी पुढे लावला. १९९२ साली ज्यूरीने तो मान्यही केला. पण दावा लावायची मुदत टळली होती म्हणून १९९६ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. कोपऱ्यावर गाणाऱ्या पोरांना मुदतीचे कायदे कोण शिकवणार?

फ्रेड पॅरिसची कथा त्यातल्या त्यात बरी. सैन्यात पहाऱ्यावर असताना त्याने 'इन द स्टिल ऑफ द नाइट' रचले आणि १९५६ साली 'फाइव्ह सॅटिन्स'नी ते न्यू हेवनच्या एका चर्चच्या तळघरात गायिले. गाणे लोकांच्या ओठी आले तेव्हा स्वारी जपानात लष्करी चाकरी करीत होती! १९९२ साली 'बॉइझ टू मेन' या नव्या पिढीच्या गायकांनी ते पुन्हा गायिले आणि नातवंडांच्या वयाची मुले त्यावर खूष झाली.

दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या निवांत रात्री हे गाणे जरूर ऐका. पहिल्यांदा पुढच्या गायकाकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा मात्र त्याला बाजूला ठेवा आणि केवळ मागचे आवाज ऐका. त्यांच्या तोंडी शब्द जवळजवळ नाहीतच; पण गाणे त्यांच्याच खांद्यावर उभे आहे.