संगणकीय चित्रलेखन आणि वर्गातील चित्र

पहिलीच्या वर्गातील चित्र शोभेसाठी नसते. तळोदा तालुक्यातील पुष्कळ मुले घरी भिली किंवा पावरी बोलतात; मराठी शब्द त्यांच्या कानावर नियमाने पडू लागतो तो शाळेतच. अशा मुलाला शब्दाच्या आधी चित्र ओळखता येते आणि त्या ओळखीचा हात धरून शिक्षक त्याला शब्दाकडे नेतात. चित्रच अस्पष्ट असेल तर मूल गप्प राहते, आणि त्याला शब्द येत नाही असे आपण समजतो. दोष चित्राचा असतो, गुण मात्र मुलाचे जातात. भ्रमणध्वनीवर किंवा टॅब्लेटवर स्वतः चित्रे काढून स्वाध्यायपत्रिका सिद्ध करणे आता शिक्षकांच्या आवाक्यात आले आहे. म्हणून या कलेची काही तांत्रिक अंगे येथे विशद करावयाची आहेत.

पडद्यावर रेघ ओढण्याची कल्पना तशी जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत १९६३ साली प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृत्या काढून दाखविल्या. त्यांत रेषा होत्या, रंग नव्हते. रंगकामाची सोय रिचर्ड शूप यांच्या १९७३ मधील ‘सुपरपेंट’ने करून दिली, आणि आज सर्वांत उपयुक्त ठरलेली थरांची सोय फोटोशॉपमध्ये १९९४ साली आली. ‘क्रिटा’ आणि ‘गिम्प’ यांसारख्या आज्ञावली आता विनामूल्य मिळतात. तेव्हा साधनाचा प्रश्न फारसा उरलेला नाही; प्रश्न उरतो तो रीतीचा.

रीतीचा पहिला धडा जुन्या छापखान्यातून घ्यावा. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या काळी चित्र छापावयाचे म्हणजे त्याचा ब्लॉक करावा लागे. रेषाचित्राच्या लाइन ब्लॉकमध्ये करडी छटा उतरत नसे. एक तर काळे, नाही तर पांढरे. सावली हवी असल्यास ती बारीक रेघांच्या जाळीने दाखवावी लागे. ब्लॉकाचे हे बंधन मनात बाळगूनच चित्रकार कुंचला उचलीत असे. आपला ब्लॉक म्हणजे झेरॉक्सचे यंत्र होय. पडद्यावर झळकणारे चित्र शेवटी त्या यंत्रातून, बहुधा साध्या कागदावर व एकाच काळ्या रंगात बाहेर पडणार आहे, हे काम आरंभिण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

त्यातून मापाचा विचार आपोआप येतो. पडद्यावरील चित्र पिक्सेल नावाच्या बारीक चौकटींचे बनलेले असते. स्वच्छ छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने ए-४ कागदाला सुमारे २,४८० × ३,५०८ पिक्सेलांचा पट लागतो. १,०८० पिक्सेल रुंदीचे चित्र त्याच मानाने छापले तर ते जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद होते. ताणून मोठे केले की कडा फुटतात. पट आरंभीच मोठा घ्यावा. मागाहून वाढविल्याने तपशील वाढत नाही.

आता थर. काचेच्या चार तावदानांवर एकाच चित्राचे चार भाग काढून ती तावदाने एकावर एक ठेवली आहेत, अशी कल्पना करावी. तळच्या थरावर कच्चा आराखडा, त्यावर रंग, त्यावर रेषा आणि सर्वांत वर अक्षरे. एका थरातील चूक खोडताना दुसऱ्या थरातील काम बिघडत नाही. कच्चा आराखडा शेवटी झाकून टाकावा. सावलीसाठी रंगाच्या लगेच वर आणखी एक थर घेऊन त्याची मिश्रणरीत ‘मल्टिप्लाय’ करावी, म्हणजे खालचा रंग न पुसता गडद होतो. परंतु आपल्या दृष्टीने खरा लाभ अक्षरांच्या थरात आहे. त्याच चित्रावर एका थरात मराठी शब्द, दुसऱ्यात भिली, तिसऱ्यात पावरी असे घालता येते आणि हवा तो थर उघडून प्रत काढता येते. चित्र एकदाच काढावे लागते.

रंगांविषयी मात्र सावध राहावे. लाल, हिरवा व निळा या तीन घटकांना प्रत्येकी ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. त्यांच्या मिश्रणातून १,६७,७७,२१६ रंग होतात. एवढी समृद्धी पाहून हात सैल सुटतो. नंदुरबारच्या बाजारातली मिरचीच घ्या. हिरव्या पानांत लालभडक मिरची पडद्यावर उठून दिसते. पण रंगाचे करड्यात रूपांतर करण्याच्या प्रचलित सूत्रानुसार लालाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ व निळ्याला ०.११४ इतके वजन देतात. २५५ पायरीचा शुद्ध लाल घेतला तर करडा अंक येतो ७६. १२८ पायरीचा शुद्ध हिरवा घेतला तर येतो ७५. म्हणजे मिरची पानात विरून गेली! मुलाच्या हाती पडतो तो एक काळसर गोळा. यावर उपाय सोपा आहे. सर्वांत वर एक थर घेऊन तो काळ्या रंगाने भरावा व त्याची मिश्रणरीत ‘कलर’ करावी. सगळे चित्र करडे दिसू लागते. त्यात मिरची आणि पान वेगळे ओळखू येईपर्यंत पानाची छटा उजळावी आणि मग तो थर झाकावा.

मोहाच्या फुलाची अडचण याच्या उलट आहे. मार्च-एप्रिलच्या सुमारास पहाटे झाडाखाली पडलेली ती मांसल, पिवळसर पांढरी फुले येथील प्रत्येक मुलाने पाहिलेली, बहुधा वेचलेलीही असतात. पांढऱ्या कागदावर ती फुले फिकट रंगात काढली तर झेरॉक्समध्ये नाहीशीच होतात. येथे फूल गडद करण्याचा मोह आवरावा. फूल तसेच फिकट ठेवून त्यामागची जमीन मध्यम करड्या छटेने भरावी, फुलाची कड एका ठाम रेषेने बांधावी आणि देठाकडे थोडी सावली द्यावी. उजेडाची बाजू एकच ठरवावी. अशा वेळी खरे फूल समोर ठेवून काढलेले चित्र आणि आठवणीतून काढलेले चित्र यांत जो फरक पडतो, तो कोणत्याही आज्ञावलीने भरून निघत नाही. शब्द लिहिताच चित्र सिद्ध करून देणारी साधनेही आता आली आहेत. पण त्यांनी दिलेले पान मोहाचेच आहे की नाही, हे पाहण्याचे काम आपल्याकडेच राहते.

रेषेविषयी थोडेसे. साध्या भ्रमणध्वनीवर बोटाने किंवा रबरी टोकाच्या लेखणीने काढताना हाताचा दाब उमटत नाही. रेषा सर्वत्र सारख्या जाडीची येते. बाहेरची कड जाड व आतला तपशील बारीक, अशा दोन जाडींच्या कुंचल्यांनी हे उणे बरेच झाकता येते. रेषा थरथरत असेल तर ती स्थिर करणारी सोय चालू करावी, पण बेताने. फार केल्यास रेषा निर्जीव होते.

अलंकरणासाठी दूर जावयास नको. झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावच्या भुरीबाई यांना भोपाळच्या भारत भवनात जगदीश स्वामीनाथन यांनी कागदावर चित्रे काढण्यास उत्तेजन दिले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. भिल्ल चित्रांचे मर्म ठिपक्यांत आहे. आकार सपाट रंगाने भरावयाचा आणि त्यावर ठिपक्यांच्या ओळींनी अंगाचा डौल दाखवावयाचा. आपल्याकडील होळीत नाचणाऱ्या बुध्याच्या सावळ्या अंगावरील पांढरे ठिपके याच रीतीने, गडद आकाराच्या वरच्या थरावर घालता येतात. आणि गडदावर पांढरे असल्याने ते झेरॉक्समध्येही टिकतात. संगणकात ठिपक्यांची तयार माळ ओढणारा कुंचला असतो. तो वापरू नये, असे माझे मत आहे. मोजून सारखे पडलेले ठिपके छापील कापडासारखे दिसतात. हाताने एकेक घातलेल्या ठिपक्यांत किंचित चढउतार राहतो आणि अंग हालते आहे असे वाटते. कलावंतांच्या चित्रांवरून रीत शिकावी. त्यांची चित्रे उचलून आपल्या पत्रिकेत घालू नयेत.

काम पुरे झाल्यावर थरांसह मूळ धारिका जपून ठेवावी आणि छपाईसाठी पीएनजी स्वरूपाची प्रत काढावी. जेपीजीत रेषांच्या कडेला डाग उमटतात. व्हॉट्सॲपवर दुसऱ्या शाळेकडे पाठविताना ती फोटो म्हणून न पाठविता दस्तऐवज म्हणून पाठवावी, म्हणजे आकार घटत नाही.

सगळ्या वर्गापुरत्या प्रती काढण्याआधी एकच प्रत काढून ती दोन-तीन मुलांना दाखवावी आणि ‘हे काय?’ एवढेच विचारावे. उत्तर पावरीत किंवा भिलीत आले तर तो शब्द मुलाने उच्चारला तसाच टिपून घ्यावा. अक्षरांच्या थरावर तोच घालावयाचा आहे.