खुराड्यातलं २५ तासांचं घड्याळ

कोंबडीचा दिवस २४ तासांत मावत नाही. एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळपास २० तास नुसतं कवच चढण्यात जातात. म्हणून आज सकाळी आठला अंडं दिलं तर उद्या नऊला, परवा दहाला. सरकत सरकत दुपार टळली की एक दिवस खाडा. तेव्हा खुराडं रिकामं दिसलं म्हणून तिच्यावर चिडू नका.

पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न वर्षाला ३०० अंडी देते आणि हिंगोलीच्या परसातली गावरान ५०-६०वर थांबते, याचं मोठं कारण एका शब्दात आहे: खुडूक. दहा-पंधरा अंडी झाली की गावरान कोंबडी खुडूक होते, मग २१ दिवस अंड्यांवर आणि पुढे कित्येक आठवडे पिलांमागे. लेगहॉर्नमधून ही सवय निवडीनं काढून टाकली आहे. वनराजा, गिरिराजा या सुधारित जातींच्या कोंबड्याही फारशा खुडूक बसत नाहीत, पण मग त्यांची अंडी उबवणार कोण? गावरानच! विजेशिवाय चालणारं असं उबवणी यंत्र दुसरं नाही.

कळमनुरी तालुक्यातली माझी मावशी उबवायच्या प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढते. दुसरी एखादी कोंबडी त्याच टोपलीत येऊन अंडं घालून गेली तर बिनरेघेचं लगेच ओळखू येतं आणि तव्यावर जातं. सातव्या रात्री ती अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरते. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर पिलू धरलंय. सगळं स्वच्छ दिसलं तर ते बाजूला.

आणि हिवाळ्यात अंडी का आटतात? थंडीपेक्षा उजेड कमी पडतो म्हणून. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. कोंबडीच्या कवटीतून उजेड थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथून अंड्याचा हुकूम सुटतो. पहाटे लावलेला एक बल्बही पुरतो, वीज असली तर.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापते. धापताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्ताचा तोल बदलतो आणि कवचाला कॅल्शियम कमी पडतं. मे महिन्यात अंडं हातातच पिचकतं ते यामुळे. सावली, माठातलं पाणी आणि खुराड्यावर ओलं गोणपाट, याहून मोठा खर्च लागत नाही.

खाद्याचं मात्र तसं नाही. अंड्याच्या खर्चात ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचाच. घरात सोयाबीनची पोती असली तरी कच्चं सोयाबीन टाकून चालत नाही, त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. भाजलेलं द्यावं लागतं, नाहीतर पेंड. २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या घरात गेलं तेव्हा शेतकरी खूश आणि पोल्ट्रीवाले हवालदिल, अशी गत झाली होती.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र मानमोडी या रोगाचं. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणीतल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या, ते राज्यभर कळलं. मानमोडीनं एखाद्या गल्लीतली खुराडी ओस पडतात, त्याची बातमी होत नाही. मानमोडी म्हणजेच राणीखेत, कुमाऊँतल्या राणीखेतचं नाव मिळालेली. आफ्रिकेच्या खेड्यांतही कोंबड्यांची हीच वैरीण. तिथे टांझानिया, मोझांबिक, मलावीत आय-२ नावाची लस वापरतात. ती उष्णता बरीच सोसते, त्यामुळे फ्रीज नसलेल्या गावातही पोचते आणि गावातलीच माणसं ती डोळ्यात थेंब टाकून देतात.

आपल्याकडची लासोटा ही लस बर्फात आणावी लागते. पिलांना सातव्या दिवशी डोळ्यात नाहीतर नाकात थेंब. अडचण कुपीची आहे. एका कुपीत शंभर-शंभर डोस, मावशीकडे कोंबड्या अकरा, आणि कालवलेली लस दोन-तीन तासांत संपवावी लागते. म्हणून तिच्या गल्लीतल्या बायकांनी आता एकच दिवस धरलाय. कुपी एक, वर्गणी सगळ्यांची. दिवस मावळला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या की धरायला सोपं जातं. एकजण मान धरते, दुसरी थेंब सोडते. कोंबडी डोळा मिटते आणि उघडते, तेवढं दिसलं की हात पुढच्या कोंबडीकडे.