आखाती चाकरी (भाग ९) : साहेबाची हरकत नाही, पण परवाना?

मागच्या भागात नोकरी बदलण्याबद्दल लिहिलं होतं. आज नोकरी न सोडता केलेल्या जोडकामाबद्दल. बहरीनला गेलेली आपली साधी, कष्टाळू माणसं अडकतात ती बरेचदा इथे.

समजा, रत्नागिरीचा एक इलेक्ट्रिशियन मनामातल्या कंपनीत कामाला आहे. शुक्रवारी सुट्टी. ओळखीचा दुकानदार म्हणतो, “चार पंखे बसवून दे, रोख देतो.” कंपनीतला साहेबही म्हणतो, “माझी ना नाही.” तेवढ्या भरवशावर तो शिडी चढतो.

साहेबाच्या होकाराने हे काम कायदेशीर होत नाही. परवाना देते ती एलएमआरए, म्हणजे 2006च्या कायद्याने स्थापन झालेलं श्रमबाजार नियामक प्राधिकरण. आणि परवान्यावर मालक कोण, काम कोणतं, हे ठरलेलं असतं. दुसऱ्यासाठी काम करायचं तर मान्यता प्राधिकरणाचीच हवी. ती नसेल तर काम देणारा आणि करणारा दोघंही दोषी, पण दुकानदार दंड भरून दुकानात बसतो आणि आपल्या माणसाची रवानगी गावी होऊ शकते. मला दंडाहून जास्त काळजी शिडीची वाटते. कामावरच्या अपघाताचा सामाजिक विमा मालकाच्या कामाशी बांधलेला असतो. शुक्रवारी दुसऱ्याच्या दुकानात पाय मोडला, तर भरपाई मागायची कुणाकडे? मजुरी बुडवली तरी हीच गत, कारण हातात करारच नसतो.

जुलै 2017मध्ये बहरीनने ‘फ्लेक्सी परमिट’ आणलं. आखातात असं पहिलंच. कागदपत्रं मुदतबाह्य झालेल्या कामगाराला एका मालकाशी न बांधता, पूर्ण किंवा अर्धवेळ, अनेकांकडे काम करता येऊ लागलं. शुल्क जड होतं: दोन वर्षांच्या परवान्याचेच 200 दिनार, आरोग्यसेवेचे पैसे निराळे आणि शिवाय दरमहा 30. तरीही ते पाऊल मला मोलाचं वाटतं, कारण त्याआधी हाच माणूस ‘फ्री व्हिसा’, म्हणजे नावापुरत्या मालकाच्या नावावरचा परवाना, विकणाऱ्या दलालाला पैसे मोजत होता आणि बदल्यात त्याला कसलंच संरक्षण नव्हतं. स्थानिक व्यापाऱ्यांचा या योजनेला विरोध होता. ऑक्टोबर 2022मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली आणि तिच्या जागी व्यवसायनिहाय नोंदणी आली. म्हणजे नळकामाची नोंदणी असलेल्याने नळकामच करायचं. नियमित नोकरीत असलेल्यांच्या जोडकमाईसाठी मात्र फ्लेक्सीही नव्हतं.

कुटुंब व्हिसावर गेलेल्या गृहिणींनाही परवान्याचा हा नियम लागू आहे. डबे करून देणं, शिकवण्या घेणं यात आपल्याला गैर वाटत नाही, पण पैसे घेतले की ते काम ठरतं आणि कामाला परवाना लागतो. घरगुती व्यवसायासाठीची ‘सिजिली’ नोंदणीही आणली गेली ती बहरीनी नागरिकांसाठी. आश्रितांना नोकरीचा रीतसर परवाना मिळू शकतो, मात्र त्यासाठी अर्ज मालकाने करायचा असतो.

आपल्या परवान्यावर काय नोंदलंय, ते एलएमआरएच्या संकेतस्थळावर सीपीआर (बहरीनच्या ओळखपत्राचा) क्रमांक टाकून पाहता येतं. आधी ते पाहा. जोडकाम सुचलं तर प्राधिकरणाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कुणी फ्री व्हिसा देऊ केला, तर गावातून निघण्यापूर्वीच नाही म्हणा. तिथे पोचून अडचणीत आलाच असाल, तर भारतीय दूतावासाच्या ‘ओपन हाऊस’मध्ये थेट अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणं मांडता येतं.