आजी, ते पुन्हा सांग ना!

छोट्या दोस्तांनो, तुमच्या आजीची एखादी गोष्ट तुम्हांला अगदी पाठ झालीय का? ती सांगायला लागली, की "आजी, हे तू शंभरदा सांगितलंयस!" असं म्हणून तुम्ही धूम ठोकता ना? मीही तेच करायचो.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळाबद्दल सांगायची. दुष्काळी कामावर फोडलेली खडी, तलावावर वाहिलेली माती, 'मिलो' नावाच्या लाल परदेशी ज्वारीच्या भाकरी, कामावर मिळणारी सुकडी... मी ऐकता ऐकता झोपून जायचो. पुढं आजी गेली. मी शिक्षक झालो. एकदा वर्गात त्या दुष्काळाची माहिती सांगत होतो. एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, तुमच्या आजीनं कुठला तलाव खणला?" मला उत्तर देता येईना. घरी विचारावं, तर ते माहीत असलेलं कुणी आता उरलेलं नाही.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते, असं पुस्तकात वाचायला मिळतं. पण त्यांतली एखादी बाई दुपारी काय खायची, तिचं तान्हं बाळ कुठं झोपायचं, हे आकडा सांगत नाही. ते तिलाच विचारावं लागतं. आणि तेव्हा विशीत असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेलीय!

मग आमच्या चौथीच्या वर्गानं ठरवलं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या. तुम्हीही घेऊ शकाल. काय लागतं? घरातल्या मोठ्यांचा मोबाइल, एक वही आणि भरपूर धीर.

आधी परवानगी घ्या. "आजी, तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का?" असं सरळ विचारा. पंखा, टीव्ही बंद करा. मोबाइल 'फ्लाइट मोड'वर टाका आणि घडी केलेल्या टॉवेलवर त्यांच्याजवळ ठेवा. आधी दोन वाक्यं रेकॉर्ड करून ऐकून पाहा. मग तारीख, गाव आणि त्यांचं नाव बोलून सुरुवात करा.

"दुष्काळात त्रास झाला का?" असं विचारलंत, तर "व्हय" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा "सकाळी कामावर कशा जायच्या? बरोबर कोण असायचं?" असं विचारा. त्या गप्प झाल्या, तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पुष्कळदा खरी आठवण त्या गप्प बसण्यानंतरच येते. डोळे भरून आले, तर रेकॉर्डिंग थांबवा, पाणी द्या. साल चुकलं तरी मध्येच टोकू नका. नंतर दुसऱ्या आजोबांना विचारून पडताळा. शेवटी सगळं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, त्यांना वाचून दाखवा आणि रेकॉर्डिंग दोन ठिकाणी जपून ठेवा. त्यांना विचारल्याशिवाय ते कुणाला पाठवायचं मात्र नाही हं!

आमच्या वर्गातला एक मुलगा गावाबाहेरच्या तलावात रोज पोहायचा. त्यानं आजीची मुलाखत घेतली. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. आई माती वाहायची आणि ही बाभळीखाली झोळीतल्या भावाला झोके द्यायची. कुठं? त्याच तलावावर! दुसऱ्या दिवशी तो वर्गात उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आपला तलाव माझ्या पणजीनं बांधलाय!" त्या दिवसापासून तलावात कचरा टाकणाऱ्याची काही खैर नाही!

असं काम मोठ्या माणसांनीही केलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून, सहकाऱ्यांबरोबर, खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, घरोघरची जाती थांबली. पण एक लाखाहून जास्त ओव्या टिकल्या. कारण कुणीतरी वेळेवर जाऊन म्हटलं, "बाई, म्हणा ना!"

माझ्या आजीचा तलाव कुठला, हे मला अजून कळलेलं नाही. तुमची आजी मात्र आत्ता ओसरीवर बसलेली असेल. आज ती गोष्ट सांगायला लागली, की पळू नका. जवळ बसा आणि म्हणा, "आजी, ते पुन्हा सांग ना!"